बँक बुडाली, ठेवीदार वाचले आणि शेअरवाले देशोधडीला लागले: ग्लासगो, १८७८

आपल्याकडे एखाद्या बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले की टीव्हीवर काय दिसणार ते आता पाठ झालंय. अर्धं ओढलेलं शटर, बाहेर ठेवीदारांची रांग, त्यात दोन-चार पेन्शनवाले आजोबा, आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न की माझ्या पैशाचं काय. त्या बँकेचे शेअर ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यापुढे कोणी माईक धरत नाही कारण त्यांचं गणित सोपं असतं, शेअर शून्य झाला, विषय संपला, घरी जा.

हे गणित कायम असं नव्हतं. स्कॉटलंडमध्ये १८७८ साली एक मोठी बँक बुडाली आणि तिथे बरोबर उलटं झालं. ठेवीदारांना पै न पै परत मिळाली, आणि ज्यांच्याकडे शेअर होते त्यांची घरंदारं विकली गेली. शंभर पौंडाच्या शेअरमागे २,७५० पौंड भरा अशी नोटीस आली. ही टायपो नाही, खरंच सत्तावीसपट. असं कसं होऊ शकतं हे नीट समजलं की आजच्या शेअर बाजारातल्या बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी ते वर्ष कसं होतं

तसं १८७८ स्कॉटलंडसाठी झकास चाललं होतं. मार्चमध्ये पोपनी तिथली कॅथलिक बिशपांची व्यवस्था पुन्हा सुरू केली, जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी. जूनमध्ये डंडी शहराजवळ टे नदीवरचा रेल्वे पूल सुरू झाला, लांबी साधारण सव्वातीन किलोमीटर, तेव्हाचा जगातला सर्वात लांब पूल. रस्त्यांवरचे टोल बंद करायचा कायदाही याच वर्षी झाला (हे वाचून आपल्याला हेवा वाटायला हरकत नाही). तो पूल पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १८७९च्या वादळात, वरून चाललेल्या आगगाडीसकट नदीत कोसळला आणि जगाच्या तेच लक्षात राहिलं. पण त्या काळात संसार किती उद्ध्वस्त झाले हे मोजायचं तर मला वाटतं पुलापेक्षा बँकेचा नंबर वर लागेल. तारीख २ ऑक्टोबर १८७८, बुधवार. सिटी ऑफ ग्लासगो बँकेची दारं त्या दिवशी उघडलीच नाहीत.

बँक साधीसुधी नव्हती

१८३९मध्ये स्थापन झालेली. १३३ शाखा, स्कॉटलंडमधल्या कुठल्याही बँकेपेक्षा जास्त. कामगार, छोटे दुकानदार यांना दिवसा वेळ नसतो म्हणून काही शाखा संध्याकाळीही उघड्या ठेवायची, त्यामुळे सामान्य माणसात नाव चांगलं होतं. ठेवी सुमारे ८० लाख पौंड. १८७८च्या उन्हाळ्यात, म्हणजे बुडायच्या जेमतेम तीन महिने आधी, बँकेने १२ टक्के डिव्हिडंड जाहीर केला होता आणि शंभर पौंडाचा शेअर बाजारात २३६ पौंडाच्या आसपास होता. विधवा बायका, लग्न न झालेल्या बहिणी, चर्चचे पाद्री, रिटायर्ड लोक, सगळ्यांना हा शेअर म्हणजे वर्षाला ठराविक पैसे देणारी दुभती गाय वाटायची.

एक खूण मात्र जुनी होती. १८५७च्या मंदीत ग्लासगोचीच वेस्टर्न बँक बुडाली तेव्हा या बँकेनेही काही काळ व्यवहार थांबवले होते, मग परत उघडली. वीस वर्षांनी ते कोणाच्या लक्षात राहणार.

अमर्याद जबाबदारी: इथेच सगळी गोम आहे

आज तुम्ही कंपनीचा शेअर घेता तेव्हा जास्तीत जास्त तेवढेच पैसे बुडतात. कंपनीने हजार कोटींचं कर्ज बुडवलं तरी बँकवाले तुमच्या फ्लॅटवर टाच आणू शकत नाहीत. याला मर्यादित जबाबदारी म्हणतात. अमर्याद जबाबदारी म्हणजे याच्या उलट, कंपनीची देणी फिटेपर्यंत शेअरवाल्याच्या स्वतःच्या खिशातून वसुली, खिसा रिकामा होईपर्यंत.

आणि ही वसुली प्रत्येकाच्या वाट्यापुरती नसते, हे लोकांना पटकन लक्षात येत नाही. गावच्या सोसायटीत कर्जाला जामीन राहिलेल्यांना हे बरोबर कळेल. कागदावर पाच जामीनदार असतात, पण कर्ज थकलं की सोसायटीवाले ज्याचा सातबारा मोठा त्याच्याच दारात येतात, उरलेल्या चौघांकडे काही नाही हे त्यांना माहीत असतं. सिटी ऑफ ग्लासगो बँकेचा प्रत्येक शेअरवाला असा जामीनदार होता, फक्त त्याला वाटत होतं की आपण गुंतवणूकदार आहोत.

तेव्हा स्कॉटलंडमधल्या बहुतेक बँका अशाच होत्या. बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक आणि ब्रिटिश लिनन या तीन जुन्या सनदी बँका सोडल्या तर बाकी सगळीकडे अमर्याद जबाबदारी. १८५८पासून कायद्याने बँकांना मर्यादित व्हायची परवानगी होती तरी कोणी झालं नाही, कारण ‘आमच्या मागे शेकडो श्रीमंत लोकांची सगळी इस्टेट उभी आहे’ हीच त्यांची जाहिरात होती. ठेवीदाराला याहून मोठा दिलासा कुठला?

(आपल्याकडे १९०४च्या सहकारी पतसंस्था कायद्यातही ग्रामीण संस्थांसाठी अमर्याद जबाबदारीच ठेवली होती. विचार तोच, की एकमेकांची शेतं पणाला लागली की लोक एकमेकांवर लक्ष ठेवतील. गावात एकमेकांची चूल माहीत असते म्हणून तिथे ते थोडंफार चालू शकतं, १३३ शाखांच्या बँकेत कोण कोणावर लक्ष ठेवणार.)

मग पैसे गेले कुठे, आणि यात मुंबई कशी आली

बँकेचे साधारण ५८ लाख पौंड फक्त चार कर्जदारांकडे अडकले होते. ठेवी ८० लाख आणि त्यातले इतके चौघांकडे, म्हणजे बघा. जेम्स मॉर्टन अँड कंपनी, स्मिथ फ्लेमिंग अँड कंपनी, जेम्स निकोल फ्लेमिंग आणि जॉन इनिस राइट अँड कंपनी ही ती नावं. यातले फ्लेमिंग आधी बँकेचे डायरेक्टर होते आणि राइट तर बँक बुडाली तेव्हाही डायरेक्टर होते. म्हणजे कर्ज देणारा आणि घेणारा एकाच टेबलावर.

स्मिथ फ्लेमिंगचा धंदा पूर्वेकडचा, आणि मुंबईची निकोल कंपनी त्यांच्याच गोतावळ्यातली. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र हटवून जमीन करणारी एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी उभी केली ती याच निकोल कंपनीने, पुढे सरकारने ती विकत घेतली आणि आजच्या गोदीचा बराच भाग तिथलाच. अमेरिकन यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, तिकडचा कापूस बंद झाला, मुंबईत पैशाचा पाऊस पडला, शेअरचं वेड लागलं आणि युद्ध संपल्यावर सगळं धाडकन खाली आलं हे आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतंच. त्या पडझडीनंतर पूर्वेच्या व्यापारातल्या बऱ्याच ब्रिटिश कंपन्या आतून पोकळ झाल्या होत्या, बाहेरून पाटी तशीच. स्मिथ फ्लेमिंगची हालत तर १८७०च्या सुमारासच बिकट होती. बँकेने तेव्हाच नुकसान मान्य केलं असतं तर फटका बसला असता पण बँक कदाचित जगली असती. तिने केलं उलटं, जुनं कर्ज बुडू नये म्हणून नवीन कर्ज दिलं.

हे चालायचं हुंडीवर. हुंडी म्हणजे ‘अमुक महिन्यांनी इतके पैसे देईन’ असा कागद. खरी हुंडी मालामागे असते, कापसाच्या गाठी निघाल्या, पोचल्यावर पैसे मिळणार. इथे माल वगैरे काही नाही, नुसता कागद, आणि तीन महिन्यांनी तो फेडायची वेळ आली की दुसरा कागद. लंडनच्या बाजारात या बँकेच्या हुंड्या इतक्या दिसायला लागल्या की १८७८च्या शरद ऋतूत तिथले लोक त्या घ्यायला कां कूं करायला लागले, आणि चाक थांबलं. बँक बुडाली तशी स्मिथ फ्लेमिंग गेली आणि तिच्यामागे मुंबईची निकोल कंपनीही.

मुंबईशी आणखी एक धागा. बॅलार्ड इस्टेटमध्ये ज्यांच्या नावाची इमारत आहे त्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीचे आणि ब्रिटिश इंडिया बोट कंपनीचे संस्थापक विल्यम मॅकिनन हे या बँकेचे माजी डायरेक्टर. १८७०मध्येच बाहेर पडले होते. तरी लिक्विडेटरांनी (बुडालेल्या बँकेची वसुली करून देणी फेडायला नेमलेली माणसं) त्यांच्यावर दावा लावला, तो बराच चालला आणि शेवटी मॅकिनन सुटले.

सगळा पैसा उडवला होता असंही नाही. काही अमेरिकन रेल्वेच्या शेअरमध्ये होता, काही न्यूझीलंड अँड ऑस्ट्रेलियन लँड कंपनी नावाच्या प्रचंड मेंढीपालन कंपनीत. गंमत म्हणजे याच लँड कंपनीने १८८२मध्ये ‘डनिडिन’ नावाच्या जहाजातून गोठवलेलं मटण न्यूझीलंडहून लंडनला पोचवलं आणि तिथून न्यूझीलंडच्या मांस निर्यातीचा मोठा धंदा सुरू झाला. म्हणजे गुंतवणूक मूर्खपणाची नव्हती, पण ठेवीदार उद्या सकाळी पैसे मागू शकतो आणि मेंढ्या वाढायला वर्षं लागतात. बँकेचा खरा आजार बऱ्याचदा हाच असतो.

हिशोब कोणी बघत नव्हतं का

नाही. बाहेरच्या ऑडिटरकडून तपासणी सक्तीची नव्हती आणि या बँकेत ती होतही नव्हती. ताळेबंद डायरेक्टरच छापणार आणि तेच सही करणार. मग काय, बुडीत कर्ज चांगलं म्हणून दाखवलं, कर्जाचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी छापला, आणि सगळ्यात भारी म्हणजे जे व्याज कर्जदाराने दिलंच नाही ते कर्जात मिळवून वर नफा म्हणून धरलं. त्या नफ्यातून १२ टक्के डिव्हिडंड. म्हणजे ठेवीदारांचेच पैसे शेअरवाल्यांना वाटत होते आणि शेअरवाले खूष होते.

सोन्याचंही तसंच. स्कॉटलंडमध्ये बँका स्वतःच्या नोटा छापतात, आजही. १८४५च्या कायद्याप्रमाणे ठराविक मर्यादेच्या वर नोटा काढायच्या तर तेवढं सोनं तिजोरीत पाहिजे. बँक सरकारला सोन्याचा आकडा फुगवून कळवत होती. शिवाय भाव पडू नये म्हणून स्वतःचेच शेअर बाजारातून विकत घेत होती.

शेवटी बँकेने बाकीच्या स्कॉटिश बँकांकडे हात पसरले. त्यांनी वह्या मागवल्या, बघितल्या आणि नाही म्हणाल्या. पण एक शहाणपण केलं, या बँकेच्या नोटा आम्ही घेऊ असं जाहीर केलं, त्यामुळे लोकांच्या हातातल्या नोटा रद्दी झाल्या नाहीत आणि घबराट दुसऱ्या बँकांपर्यंत पसरली नाही.

शंभराचे २,७५० कसे झाले

आता आकडेमोड, सोपी आहे. भांडवल १० लाख पौंड, म्हणजे शंभर-शंभरचे १० हजार हिस्से. तपासणीत निघालं की हे सगळं भांडवल गेलंच, वर आणखी सुमारे ५१ लाख ९० हजार पौंड कमी पडतात. १० हजाराने भागा, प्रत्येक शंभरामागे ५१९. म्हणून पहिली मागणी आली ५०० पौंडाची. वर्षाला १२ पौंड देणाऱ्या शेअरवर ५०० पौंड. तेव्हा चांगल्या कारागिराची वर्षाची कमाई १०० पौंडाच्या आत असायची.

हे गणित जुळायला सगळ्यांनी पैसे भरायला पाहिजेत. शेकडो लोक पहिल्याच झटक्यात दिवाळखोर झाले. मग त्यांचा न आलेला वाटा उरलेल्यांवर, म्हणून दुसरी मागणी २,२५० पौंड. दोन्ही मिळून २,७५०. आता हे १० हजार हिश्श्यांनी गुणलं तर पावणेतीन कोटी पौंड होतात आणि गरज होती ५२ लाखांची. म्हणजे मागणाऱ्यांनाच माहीत होतं की पाचात एक जण देऊ शकेल. दहा वर्षं काटकसर करून ज्याने थोडी इस्टेट राखली होती त्याच्यावर सर्वात मोठा बोजा, कारण देण्यासारखं त्याच्याकडेच होतं. १,८१९ शेअरवाल्यांपैकी शेवटी फक्त २५४ जण सॉल्व्हंट, म्हणजे देणी देऊन पायावर उभे, राहिले असा हिशोब सांगतात.

लोकांनी मदतनिधी काढला, जवळजवळ ४ लाख पौंड जमले. चार महिन्यांपूर्वी जे स्वतः वर्गणी देणारे होते तेच यादीत.

‘पण त्यांना तर फसवलं होतं, मग त्यांनी का भरायचं?’

हा प्रश्न कोणालाही पडेल आणि तेव्हाही पडला. खोटा ताळेबंद दाखवून मला शेअर विकला, मग तो व्यवहारच रद्द करा असं म्हणत लोक कोर्टात गेले. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वात वरच्या कोर्टाने, सांगितलं, उशीर झाला. बँक बंद पडल्यावर प्रश्न तुमचा आणि बँकेचा राहत नाही, मध्ये ठेवीदार आले, आणि त्यांनी तुमचं नाव यादीत बघून पैसे ठेवले. हाउल्ड्सवर्थ नावाच्या शेअरवाल्याने तर वेगळी शक्कल लढवली, शेअर ठेवतो पण फसवणुकीची भरपाई द्या, १८८०मध्ये तेही फेटाळलं. कारण बँक म्हणजे शेअरवालेच, मग भरपाई कोणाकडून घेणार? तर्क बरोबर आहे, पण ऐकायला किती कडू.

याहून वाईट अवस्था ट्रस्टींची. मेलेल्या मित्राच्या मुलांसाठी कोणी ट्रस्टी म्हणून सही केली, शेअर मुलांच्या पैशातले, फायदा मुलांचा, याला एक पेनी नाही. पण बँकेच्या रजिस्टरवर नाव याचं. १८७९च्या म्युअर खटल्यात लॉर्ड्सनी ठरवलं की ज्याचं नाव तो देणार, स्वतःच्या खिशातून. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वात क्रूर भाग, कारण इथे लोभ सुद्धा नव्हता, नुसता भिडेखातर घेतलेला भार.

आणि कॅलेडोनियन बँक. इनव्हर्नेसची चांगली चाललेली बँक, तिच्याकडे सिटी ऑफ ग्लासगोचे फक्त ४०० पौंडाचे शेअर होते. पण अमर्याद म्हणजे अमर्याद, त्या चारशेमुळे तिची सगळी मालमत्ता वसुलीच्या टप्प्यात आली, लोक घाबरले आणि तिलाही दारं लावावी लागली. १८७९मध्ये परत उघडली, पण बुडणारा माणूस काठावरच्याला कसा ओढतो ते दिसलं.

डायरेक्टरांचं काय झालं

जानेवारी १८७९मध्ये एडिनबराच्या हायकोर्टात खटला चालला. सहा डायरेक्टर आणि मॅनेजर रॉबर्ट स्ट्रोनाख. स्ट्रोनाख आणि लुइस पॉटर खोटा ताळेबंद बनवल्याबद्दल दोषी, १८ महिने. बाकी पाच जण तो खोटा ताळेबंद लोकांपुढे ठेवल्याबद्दल दोषी, ८ महिने. शिक्षा कमी वाटते ना? तेव्हाही लोकांना कमीच वाटली. पण एक सांगतो, हे लोक स्वतः शेअरवाले होते, त्यामुळे त्यांचीही इस्टेट गेली. २००८मध्ये त्याच स्कॉटलंडची रॉयल बँक सरकारी पैशांनी वाचवावी लागली, तेव्हा मोठ्या साहेबांचं काय गेलं तर चार वर्षांनी ‘सर’ ही पदवी.

‘मालकांची मानगूट अडकली असेल तरच बँक सुरक्षित राहणार ना?’

आजही काही अर्थतज्ज्ञ हे मांडतात आणि मुद्दा अगदीच फालतू नाही. स्वतःचं काही बुडणार नसेल तर माणूस दुसऱ्याच्या पैशावर जुगार खेळतो. पण १८७८ने दाखवलं की भीती असून उपयोग नाही, माहिती पाहिजे. त्या विधवेला दर वर्षी खोटा ताळेबंद मिळत होता, ती काय लक्ष ठेवणार? उलट ‘मागे एवढ्यांची इस्टेट आहे’ म्हणून ठेवीदार निर्धास्त, हुंडी घेणारे निर्धास्त, आणि वह्या कोणीच उघडल्या नाहीत. शिवाय बँक बुडाल्यावर ज्याच्याकडे खरी इस्टेट आहे तो शहाणा माणूस असे शेअर घेईलच कशाला. मग यादीत उरणार ज्यांच्याकडे काही नाही तेच, आणि ती हमी कागदावरच राहणार.

म्हणून १८७९चा कंपनी कायदा आला. त्यात मधला रस्ता काढला, राखीव जबाबदारी. शेअरची रक्कम समजा १००, त्यातले काही आत्ता भरायचे, बाकीचा भाग फक्त बँक बुडाली तरच मागायचा, त्याच्या वर एक पेनी नाही. म्हणजे ठेवीदाराला आधार राहिला आणि शेअरवाल्याला आपला तोटा कुठे थांबणार ते कळलं. बदल्यात मर्यादित होणाऱ्या बँकांना बाहेरचं ऑडिट सक्तीचं. १८८२मध्ये कॅलेडोनियन धरून उरलेल्या सात स्कॉटिश बँका मर्यादित झाल्या. ठेवीदारांसाठी सरकारी विमा ही कल्पना फार नंतरची, आपल्याकडे १९६२पासून आहे आणि सध्या एका बँकेत एका माणसाच्या ५ लाखांपर्यंत.

आज कोणावर अशी वेळ येऊ शकते

नेहमीच्या शेअरवर नाही, पूर्ण पैसे भरलेले असतात. अर्धवट भरलेले शेअर असतील, रिलायन्सने २०२०च्या राइट्स इश्यूत (जुन्या शेअरवाल्यांनाच नवे शेअर देऊ करणं) दिले होते तसे, तर उरलेला हप्ता मागितला की तो द्यावा लागतो, पण तेवढाच.

अमर्याद जबाबदारी अजून जिवंत आहे ती साध्या भागीदारी फर्ममध्ये. १९३२च्या भागीदारी कायद्याप्रमाणे प्रत्येक भागीदार फर्मच्या सगळ्या देण्याला एकेकटाही जबाबदार आणि सगळ्यांबरोबरही. तेव्हा मेहुण्याने ‘दाजी, नुसतं तुमचं नाव टाकतो, काही करायचं नाही’ म्हटलं तर त्याला एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, काढायला सांगा, त्यात भागीदाराची जबाबदारी मर्यादित असते आणि रजिस्ट्रेशनही ऑनलाइन होतं.